साठ टक्क्यांवरची लाल खूण

ताई,

रविवारी तुझं पुण्यानुमोदन झालं. विहार भरला होता. भन्तेंनी पंचशील दिलं, तुझ्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई दोन वाक्यं बोलून रडायला लागल्या आणि मग माईक माझ्या हातात आला. माईक हातात आला की माझं काय होतं, ते तुझ्याइतकं कोणाला माहीत नाही.

मी तुझी घंटेची गोष्ट सांगितली. महापालिकेच्या त्या शाळेत तू शिपाई होतीस, स्नेहसंमेलनाला आलेले पाहुणे पाऊण तास बोलूनही थांबेनात, 'शेवटचा मुद्दा' असं त्यांनी चौथ्यांदा म्हटलं आणि तू जाऊन सुट्टीची लांब घंटा दिलीस. पोरं पळाली, पाहुणे बसले. बाईंनी जाब विचारला तर तू म्हणालीस, "घड्याळ पुढं गेलंय बाई, माझा काय दोष?" विहारात लोक हसले. भन्तेसुद्धा हसले. मग मी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. जेवताना दोघे-तिघे येऊन म्हणाले, "सर, रडवलंत पण आणि हसवलंत पण." मी दुसऱ्यांदा बुंदी घेतली.

एक गोष्ट मात्र मी गाळली. ती माईकवर सांगण्यासारखी नव्हती. मजा म्हणजे तिची सुरुवात माईकवरच झाली होती, त्याच विहारात, गेल्या वर्षीच्या जयंतीला.

त्याच्या आधीच्या हिवाळ्यात तू भाजीबाजारात घसरून पाय मोडून घेतला होतास. सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर निघालं, पाय चालू लागला, पण तुला धाप लागायला लागली. माझ्या घराच्या पायऱ्या त्या सात, आणि तू तिसरीवर थांबायचीस. मी वरून म्हणायचो, "काय ताई, गाडी घाटात बंद पडली का?" तू म्हणायचीस, "बसून बसून अंगात मांद्य आलंय रे बाळू. चालंल की हळूहळू." आपण दोघांनी मिळून निदान केलं होतं: आळस आणि वय. दोघांपैकी एकही डॉक्टर नव्हतं, एक निवृत्त शिपाई आणि एक निवृत्त इंग्रजीचा मास्तर.

जयंतीला आपल्या मंडळाने हृदयतपासणीचं शिबिर ठेवलं. पडद्यामागे एक खाट, एक छोटं इकोचं मशीन आणि बाहेरून आलेले एक डॉक्टर. बायका रांगेत उभ्या राहायला लाजत होत्या, छातीला हात लावतात म्हणून. रांग मोकळी दिसू नये म्हणून मी तुला पहिली ढकललं. हे मी नंतर सगळ्यांना वेगळ्या शब्दांत सांगत आलो: ताईचा इको मीच आग्रहाने करून घेतला. आग्रह होता, पण तो तुझ्या काळजासाठी नव्हता, रांगेसाठी होता.

वीस मिनिटांनी तू कागद घेऊन स्टेजपाशी आलीस. कपाळावर घाम, पदर खांद्यावर नीट लावलेला. माईक माझ्याकडेच होता. तू खालून म्हणालीस, "बघ रे मास्तर, पास का नापास?"

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी माझ्या खिशाला लाल पेन असतं. मी कागद घेतला. इंग्रजी बघितलं की माझी छाती आपोआप फुगते. वरून तिसऱ्या-चौथ्या ओळीत लिहिलं होतं, एलव्हीईएफ साठ टक्के. साठ. मी लाल पेनाने त्यावर बरोबरची खूण केली, चांगली टपोरी, आणि माईकवर जाहीर केलं, "आमच्या ताईंचं हृदय साठ टक्के मिळवून पहिल्या वर्गात उत्तीर्ण." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू तोंडाला पदर लावून हसलीस.

त्या ओळीच्या खाली आणखी तीन ओळी होत्या. मी त्या वाचल्या नाहीत असं म्हणायची सोय असती तर किती बरं झालं असतं. मी त्या वाचल्या. मॉडरेट टीआर. मॉडरेट पीएएच. ॲडव्हाइज्ड फर्दर इव्हॅल्युएशन. टीआर आणि पीएएच म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हे स्टेजवर उभं राहून कबूल करण्याची मला सवय नव्हती. पण 'मॉडरेट' हा शब्द मी एकतीस वर्षं शिकवला होता. मध्यम, बेताचा, अति नसलेला. चांगलाच शब्द आहे. आणि 'इव्हॅल्युएशन' म्हणजे पेपर तपासणी. फर्दर इव्हॅल्युएशन म्हणजे रिचेकिंग. पहिल्या वर्गात पास झालेला माणूस रिचेकिंगचा अर्ज कशाला करेल?

हसू नकोस. मी खरंच असा विचार केला.

त्याच वेळी पडदा बाजूला करून डॉक्टरांनी डोकं बाहेर काढलं होतं. "आत्ता ज्या मावशी आल्या होत्या, त्यांचे नातेवाईक कोण?" मी हात वर करून दोन बोटं दाखवली. दोन मिनिटं. कारण प्रमुख पाहुण्यांची गाडी दारात आली होती आणि त्यांचं स्वागत मलाच करायचं होतं. पाहुणे आले, हार झाले, भाषणं झाली. ती दोन मिनिटं, ताई, आठ महिने चालली.

कागद मी घरी नेऊन माझ्या फाइलीत लावला. घरातल्या सगळ्यांचे रिपोर्ट मीच वाचायचो ना. कॉलनीतले लोकही यायचे, सर जरा बघता का, इंग्रजीत आहे. मी चष्मा लावून बघायचो आणि सांगायचो. त्यातले किती जण माझ्यामुळे उपचाराविना बसून राहिले असतील, हा विचार आता सारखा येतो. तो जाऊ दे. आज फक्त तुझा.

आठ महिन्यांत तू तिसऱ्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर आलीस. पाय सुजायला लागले. मी म्हणालो, लोणचं कमी कर. तू चपलेचा पट्टा एक भोक सैल केलास. एकदा म्हणालीस, "बाळू, तो जयंतीचा कागद परत एकदा बघतो का? छातीत कोंडल्यावानी होतं." मी म्हणालो, "अगं, पहिला वर्ग आहे तुझा. इथे मला आयुष्यात मिळाला नाही." तू ते मानलंस. तुझा माझ्या इंग्रजीवर इतका विश्वास होता, आणि त्याला कारणही होतं, ते पुढे सांगतो.

डिसेंबरात तू विहाराच्या दारात चक्कर येऊन पडलीस. मग मात्र मुंबई नाक्याजवळच्या त्या हृदयाच्या डॉक्टर मॅडमकडे तुला नेलं. दवाखाना पहिल्या मजल्यावर, आणि त्या दिवशी लिफ्ट बंद. अठरा पायऱ्या. मी मोजल्या, कारण तू चार वेळा थांबलीस. ओठ जांभळट झाले होते. मॅडम बाहेरच्या पेशंटला काहीतरी समजावत होत्या, त्यांनी तुला दारातून आत येताना बघितलं आणि हातातला कागद खाली ठेवला. नाव नाही, गाव नाही. एवढंच म्हणाल्या, "बसा मावशी. आधी श्वास घ्या."

मग त्यांनी तुला डाव्या कुशीवर झोपवलं. तो थंड जेल लावल्यावर तू म्हणालीस, "आईगं, फ्रीजमधून काढला का काय?" मॅडम हसल्या. तीस-बत्तीसची असेल पोरगी. पडद्यावर तुझं काळीज हलत होतं, काळं-पांढरं, आणि मग त्यांनी एक बटण दाबलं तसा त्यात रंग भरला. लाल आणि निळा. निळा जरा जास्तच होता. तू मान वळवून बघितलंस आणि मला म्हणालीस, "बघ, माझं काळीज निळंच निघालं. दुसरं काय असणार?"

मी हसलो. मॅडमना तुझा विनोद कळला असावा, कारण त्याही थोडं हसल्या, पण डोळे पडद्यावरच. म्हणाल्या, "मावशी, यात निळा म्हणजे मशीनपासून लांब जाणारं रक्त. ही उजवीकडची झडप आहे ना, ती नीट मिटत नाहीये. जे निळं दिसतंय ती गळती आहे."

"म्हंजे निळं सगळं गळतंय?"

"सगळं नाही. पण जोरात गळतंय. नळाच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी कसं चिळकांडी मारतं? ती चिळकांडी किती जोरात उडते, ते आम्ही मोजतो. त्यावरून मागचा दाब कळतो. तुमच्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांमध्ये दाब खूप वाढलाय. हातावर पट्टा बांधून मोजतात तो बीपी वेगळा, हा वेगळा. हा बाहेरून कळत नाही, म्हणून इको करायचा."

मग त्यांनी आणखी एक चित्र दाखवलं. काळजाची उजवी बाजू फुगली होती आणि मधली भिंत डावीकडे ढकलली गेली होती. तू म्हणालीस, "आमच्या कॉलनीतबी असंच झालं मॅडम. शेजाऱ्यानं भिंत सरकवली." आणि मग, जरा थांबून, "मंग उजवी बाजू इतके दिवस काय करत व्हती?"

"जोर लावत होती," मॅडम म्हणाल्या. "आता थकलीय."

मी विचारलं, आवाज शक्य तितका साधा ठेवून, "आणि ते साठ टक्के असतं ते?"

"ते डाव्या बाजूचं," त्या म्हणाल्या. "डावी बाजू उत्तम आहे. आजार त्या बाजूला नाहीच."

म्हणजे मी भलत्याच विषयाचा पेपर तपासला होता. खालच्या ओळींतलं टीआर म्हणजे ही गळती आणि पीएएच म्हणजे हा दाब.

आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला. पडद्यावरून नजर न काढता, अगदी सहज. "याआधी कधी इको झाला होता का?"

मी म्हणालो, "नाही."

ताई, तू माझ्याकडे पाठ करून झोपली होतीस. तुझा हात डोक्याखाली होता. तुझ्या खांद्याची हालचाल मला दिसली, अर्धा क्षण, जशी बोलण्याआधी होते. आणि मग तू बोलली नाहीस. मॅडम म्हणाल्या, "जुना रिपोर्ट असता तर बरं झालं असतं. दाब किती वेगाने वाढतोय ते कळलं असतं. हळू वाढत असेल तर गोळ्यांवर काही महिने थांबता येतं. वेगाने वाढत असेल तर थांबायचं नाही." मी मान डोलावली. मान डोलावणं मला छान जमतं.

घरी येताना रिक्षात तू बाहेर बघत होतीस. द्वारका सर्कलला सिग्नलवर थांबलो तेव्हा म्हणालीस, "बाळू, तुला काय सांगायचंय का?" मी रिक्षावाल्याच्या आरशाला लटकवलेल्या लिंबू-मिरचीवर काहीतरी बोललो. तू हसली नाहीस. मी दुसरं काहीतरी बोललो. त्याला मात्र हसलीस, आणि आता मला वाटतं, माझी दया येऊन हसलीस.

स्कॅन झालं. पाय मोडला होता तेव्हा पायात रक्ताच्या गुठळ्या धरल्या होत्या, त्या सुटून फुप्फुसात जाऊन बसल्या होत्या. गोळ्या सुरू झाल्या. रक्त पातळ करायची, लघवीची, आणि तिसरी ती. तिसरीची गोष्ट तुला पुन्हा ऐकायला आवडेल, म्हणून सांगतो. ही गोष्टसुद्धा लाजेचीच आहे, पण दुसऱ्या जातीच्या लाजेची.

कॉलनीतला मेडिकलवाला माझा विद्यार्थी. मी चिठ्ठी पुढे केली. त्याने वाचली, माझ्याकडे बघितलं, दुकानातल्या बाकीच्या लोकांकडे बघितलं आणि अतिशय आदराने, हळू आवाजात म्हणाला, "सर, ही... तुमच्यासाठी?" चिठ्ठीवर सिल्डेनाफिल होतं. पुरुषांच्या ज्या गोळीवर कॉलेजातली पोरं विनोद करतात, तीच. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल करायला तीच देतात, हे मॅडमनी नीट समजावलं होतं. मी ते त्याला समजावून सांगायला हवं होतं. मी घाईघाईने म्हणालो, "माझ्यासाठी नाही रे, बहिणीसाठी." त्याचा चेहरा आणखी बिघडला.

त्यानंतर मी ती गोळी देवळाली कॅम्पात जाऊन आणायला लागलो. तिथे मला कोणी ओळखत नाही. बसने जायचो, बसने यायचो, पुडी वर्तमानपत्रात गुंडाळून. एकदा तिकडचं दुकान बंद निघालं. मी म्हणालो, उद्या जाऊ. उद्याचं परवा झालं. तीन दिवस तुला गोळी नव्हती, आणि चौथ्या दिवशी तू बसल्या जागी दम टाकायला लागलीस. तेव्हा मी खरं सांगितलं. तू माझ्याकडे असं बघितलंस जसं तू शाळेत चड्डी ओली केलेल्या पोराकडे बघत असशील. चप्पल घातलीस, माझा दंड धरलास, दोनदा थांबत कोपऱ्यापर्यंत आलीस आणि दुकानात चार माणसं असताना खणखणीत म्हणालीस, "हे बघ, ती गोळी सरांची नाय, माझी हाय. छातीतला दाब उतरवायची. दर महिन्याला मागवून ठेवत जा. आणि हसायचं असंल तर आत्ताच हसून घे." तो म्हणाला, "नाही मावशी, मी कशाला हसू." आणि मग तू स्वतःच हसायला लागलीस.

असं मोकळं करता येतं, हे मी त्या दुकानात उभा राहून बघितलं होतं. एक वाक्य लागतं. तरी माझं वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही.

मार्चमध्ये मॅडमकडे दुसरा इको. त्या दिवशी मी गाडी मागून आणली होती; तू म्हणालीस, "तू गाडी लाव, मी पुढं होते." मी जागा शोधत अर्धा तास फिरलो. वर आलो तर तू मॅडमसमोर बसलेली, दोघी बोलायच्या थांबलात. मॅडमचा सूर एकदम बदलला होता. आधी म्हणत होत्या की गोळ्यांवर बघू. आता म्हणाल्या, "आपण थांबायचं नाही. मी आजच मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलला पत्र देते. गुठळ्या काढायचं ऑपरेशन होऊ शकतं का ते त्यांना ठरवू दे. तोवर दर महिन्याला इको करू, उजवी बाजू सावरतेय का बघू." मला वाटलं, डॉक्टर हुशार आहेत, त्यांना आतून कळलं असेल.

मुंबईवाल्यांनी हो म्हटलं. उजवी बाजू जरा सावरू दे, म्हणाले, आणि ती सावरत होतीसुद्धा. मे महिन्याच्या इकोत मॅडमनी तुला दाखवलं, निळी चिळकांडी थोडी लहान झाली होती. तू म्हणालीस, "मंग आता किती टक्के?" मॅडम म्हणाल्या, "मावशी, यात टक्के नसतात." तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "ऐकलं का मास्तर?"

ऐकलं होतं.

ऑपरेशनची तारीख मिळाली, आणि तारखेच्या नऊ दिवस आधी तुला ताप आला. छातीत कफ झाला. एरवी कोणालाही होतो तसला. मॅडम म्हणाल्या, थकलेल्या उजव्या बाजूला तेवढंही पेलवलं नाही. चार दिवसांत तू गेलीस. शेवटच्या दुपारी नाकात नळी असताना तू बोटाने मला जवळ बोलावलंस. मी कान पुढे केला. तू म्हणालीस, "निकाल लागला न्हाई अजून." मला वाटलं तू भ्रमात बोलतेयस.

मग दोन दिवसांनी आठवलं.

सायखेड्याला मी नववीत इंग्रजीत नापास झालो होतो. अठ्ठावीस मार्क. निकालपत्रक घेऊन मी दोन तास नदीकाठी बसलो होतो आणि तू शोधत आलीस. तू माझ्या हातातून ते घेतलंस, चार घड्या घातल्या आणि पोलक्यात खोचलंस. वडिलांनी विचारलं तर तू चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणालीस, "निकाल लागला न्हाई अजून." तू स्वतः चौथीतून शाळा सोडलेली. दुसऱ्या दिवशी तूच मला हाताला धरून गावातल्या एका निवृत्त मास्तरांच्या दारात नेऊन उभं केलंस. "ह्याला इंग्रजी येत नाय. शिकवा." त्या अठ्ठाविसांतून मी मास्तर झालो. म्हणून तुझा माझ्या इंग्रजीवर विश्वास होता. तो विश्वास तूच शिवला होतास, माझ्या मापाने.

म्हणजे जाता जाता तू मला सांगत होतीस की तुला माहीत आहे. आणि हेही, की तू कोणाला सांगणार नाहीस.

रविवारच्या टाळ्या सोमवारी सकाळीही कानात होत्या. मी फाइलीतून जयंतीचा कागद काढला. निदान डॉक्टरांना तरी खरं कळू दे, पुढच्या कोणाला उपयोग होईल, असं काहीतरी भव्य स्वतःला सांगितलं आणि मुंबई नाक्याला गेलो. लिफ्ट चालू होती.

मॅडमनी मला ओळखलं, खुर्ची दिली. मी कागद टेबलावर ठेवला. त्या म्हणाल्या, "हा आहे की आमच्याकडे." आणि कपाटातून तुझी फाइल काढली. तिसऱ्या पानाला झेरॉक्स लावलेली होती. तोच रिपोर्ट. साठ टक्क्यांवर माझी बरोबरची खूण. लाल खूण झेरॉक्समध्ये काळी आली होती.

"मार्चमध्ये मावशींनी आणून दिला. त्यामुळेच कळलं की दाब किती झपाट्याने वाढलाय. म्हणून आपण मुंबईची घाई केली. तुम्हीच दिला होतात ना त्यांच्याकडे?"

मी म्हणालो, "हो. मीच दिला."

बघ ना. तुझं पुण्यानुमोदन होऊन एक दिवस झालेला. खोटं बोलायला तिथे काही कारण उरलं नव्हतं, कोणी रागावणार नव्हतं, तू ऐकायलाही नव्हतीस. तरी तोंडातून तेच निघालं, घसरगुंडीवरून पोरगं घसरावं तसं. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "बरं केलंत." मी विचारलं, "आठ महिने आधी कळलं असतं तर?" त्या म्हणाल्या, "नक्की काय झालं असतं ते मी नाही सांगू शकत. लवकर कळणं चांगलंच असतं, एवढंच म्हणेन." त्यांनी मला सोडवलं नाही, आणि अडकवलंही नाही. बाहेर पेशंट बसले होते. मी नमस्कार केला आणि जिन्याने खाली उतरलो.

खाली रस्त्यावर उभा राहिलो. तू हे कधी केलंस याचा हिशोब लावत होतो. मार्चच्या त्या इकोच्या आठवड्यात तू दुपारी आमच्याकडे आली होतीस, मी पेन्शनच्या कामाला गेलो होतो. सात पायऱ्या चढून आलीस, माझी फाइल उघडलीस, अक्षर न कळणाऱ्या भाषेतला बरोबर तो एक कागद शोधलास. कसा शोधलास? लाल खूण बघून, दुसरं काय. मग उतरलीस, कोपऱ्यावर झेरॉक्स काढलीस, परत सात पायऱ्या चढलीस आणि मूळ कागद जिथल्या तिथे ठेवलास, मला कळू नये म्हणून. तेव्हा तू दुसऱ्या पायरीवर थांबत होतीस, ताई. ते चढणं तुला किती जड गेलं असेल.

मी परत वळलो. लिफ्ट समोर उघडी होती. मी जिन्याने गेलो. दहाव्या पायरीला मला धाप लागली, अठराव्याला बोलता येईना. बाहेरच्या पेशंटना हात जोडून मी दार ढकललं.

"मॅडम," मी म्हणालो. "मी नव्हता दिला. मला माहीतच नव्हतं. आणि पहिल्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, आधी इको झालाय का, तेव्हा मी नाही म्हणालो. ते खोटं होतं. ती खूण माझी आहे."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"माहीत आहे, सर," त्या म्हणाल्या. "मावशी म्हणाल्या होत्या, 'भावाला इचारू नका. नापास झाला की त्याला तोंड दाखवता येत नाय. लहानपणापासून असाच हाय.' म्हणून मघाशी मीच तुम्हाला उत्तर सुचवलं." आणि मग समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "बसा. आधी श्वास घ्या."

मी बसलो, ताई. काहीतरी गमतीचं बोलावं असं फार वाटलं. आधी श्वास घेतला.